घरातली जुनी बंदूक मुळात कुठली, हे कसं ओळखायचं

पुण्यात वाड्याच्या माळ्यावरून निघालेल्या प्रत्येक बंदुकीला ‘पेशवेकालीन’ म्हणायची सवय पडून गेली आहे. वाडा पाडून इमारत व्हायची असते, सामान हलवताना तुळईमागून गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक वस्तू निघते, आणि मला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “ताई, पेशवेकालीन आहे, फक्त खात्री करून द्या.” मी भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तिथे शिकलेली एक शिस्त मी आजही सोडत नाही. नग हातात आला की आधी नग बघायचा, त्याला चिकटवलेली चिठ्ठी नंतर वाचायची.

बंदुकीला तर ही शिस्त फारच लागू पडते, कारण जुनी बंदूक बहुतेक वेळा एका गावची नसतेच. नळी एकीकडची, चापाची यंत्रणा दुसरीकडची, दस्ता तिसऱ्याच सुताराने बसवलेला, आणि वर कोरलेलं नाव चौथ्याचं. नळी टिकते, लाकूड मोडतं, घोडा झिजतो. शंभर-दीडशे वर्षं वापरात राहिलेल्या वस्तूचं असंच होणार. त्यामुळे नळी, यंत्रणा आणि दस्ता या तिघांची चौकशी वेगवेगळी करायची. नावाला सगळ्यात शेवटी विचारायचं.

पण त्याआधी सुरक्षितता. ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत माळ्यावर ठेवल्या गेल्या आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. नळीचं तोंड कुणाकडेही न रोखता एक सरळ लाकडी काठी आत तळापर्यंत हलकेच सोडा, तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी धरून, लावून पाहा. काठीचं टोक कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या बारीक भोकापर्यंत, पोचायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे असंच धरून चाला. ते स्वतः काढायला जाऊ नका, घोडा ओढून बघू नका. पोलिसांना कळवा.

पोलिसांना तसंही कळवायचंच असतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते हत्यार चालणार नसेल तरच. चालणार नाही हे आपण घरच्या घरी ठरवायचं नाही. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष म्हणून १९७२ च्या कायद्याखाली येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

आता बंदुकीकडे वळू. पहिला प्रश्न: बार पेटतो कसा? जळता तोडा, म्हणजे पेटती वात, धरायला सापासारखा वाकडा लोखंडी हात असेल तर ती तोड्याची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरायची सोय आणि समोर पोलादी पत्रा असेल तर चकमकीची. घोडा पोकळ तोंडाच्या हातोडीसारखा आणि त्याच्याखाली स्फोटकाची इवलीशी टोपी चढवायचं छोटं बोंडूक असेल तर टोपीची. यावरून घडणीचं साल ठरत नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. युरोपात तोडा कधीच मागे पडला होता तेव्हाही आपल्याकडे तोड्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकात सर्रास घडत होत्या, कारण त्या कुठल्याही गावच्या लोहाराला दुरुस्त करता यायच्या आणि गारगोटी शोधत बसावं लागत नसे. ‘तोड्याची म्हणजे शिवकालीन’ हे समीकरण इथेच बाद होतं.

हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीची ठेवणच निराळी असते. युरोपी बंदुकीच्या उजव्या अंगाला एक मोठी लोखंडी पट्टी असते आणि यंत्रणा तिच्यावर बसवलेली असते. आपल्याकडच्या बंदुकीत ती यंत्रणा दस्त्याच्या पोटात असते; लाकडातल्या फटीतून तोड्याचा हात वर येतो आणि दोन्ही बाजूंना नुसत्या लोखंडी पट्ट्या जडवलेल्या दिसतात. चापाभोवती संरक्षक कडी बहुधा नसते. नळी दस्त्याला तारेने, चामड्याने किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असते, आणि कानाशेजारी रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूची, वाटी असते. नळीच्या तोंडाशी उठाव, कधी कमळाच्या पाकळ्या, कधी वाघाचं तोंड कोरलेलं. हे सगळं एकत्र आढळलं तर घडण इथली, याबद्दल मला शंका राहत नाही.

पण ‘इथली’ म्हणजे कुठली? दस्ता बघा. राजपुताना आणि उत्तरेकडचा दस्ता सडपातळ, सरळ, मागच्या बाजूला बहुधा पाच पैलूंचा. खांद्याला लावायला तो आपल्याला फारच बारीक वाटतो. सिंधकडचा खूप वाकडा, टोकाला पसरट, त्यामुळे लांबूनही ओळखू येतो. जेझाईल ही लांब नळीची अफगाणी बंदूकही वाकड्या दस्त्याची, आणि तिच्यावर अनेकदा ईस्ट इंडिया कंपनीची यंत्रणा किंवा तिची नक्कल बसवलेली असते. कोडगूकडच्या बंदुका तुलनेने आखूड आणि खाली वळलेल्या दस्त्याच्या. मात्र लाकूड सगळ्यात आधी बदललं जातं. म्हणून दस्ता सांगतो ती बंदूक शेवटी कुठे वापरात होती ही गोष्ट. नळी कुठे घडली ते सांगायला तो बांधील नाही.

म्हैसूरची गोष्ट वेगळी काढायला हवी, कारण टिपूच्या कारखान्यातली वस्तू स्वतःबद्दल भरपूर सांगते. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी हे तिचं ठळक लक्षण. ठिकाण लिहिलेलं असेल तर ‘पटण’, म्हणजे श्रीरंगपट्टण. साल मात्र हिजरी नव्हे, टिपूने सुरू केलेल्या मौलूदी गणनेतलं, आणि आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले. १२२४ हे साल अरबी आकड्यांत ४२२१ असं दिसतं, आणि ते इसवी सनाचं साधारण १७९६-९७. हे ठाऊक नसलेला माणूस तिथे हमखास गोंधळतो. अर्थात याच कारणामुळे वाघाच्या पट्ट्यांची नक्कलही भरपूर होते.

आता विलायती बंदुका. पुण्यातल्या घरांतून प्रत्यक्षात याच जास्त निघतात, आणि यांच्याबाबतच लोकांची निराशा होते. होऊ नये. लंडनला घडलेली, कंपनीच्या जहाजातून मुंबईला उतरलेली आणि कुठल्या तरी शिलेदाराच्या घरी पोचलेली बंदूक हा आपल्याच इतिहासाचा ऐवज आहे.

इंग्रजी की फ्रेंच, हे पाच पावलांवरून कळतं. इंग्रज पायदळाच्या चकमकी बंदुकीत नळी लाकडातून आरपार जाणाऱ्या बारीक खिळ्यांनी अडकवलेली असते. वरून काही दिसत नाही. फ्रेंच लष्करी बंदुकीत नळी आणि लाकूड मिळून कडी चढवलेली असतात. इंग्रजीचं सामान पितळी, फ्रेंचचं बहुतेक लोखंडी. मग कॅलिपर लावा. ‘ब्राउन बेस’ या इंग्रज पायदळाच्या बंदुकीचं तोंड ०.७५ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, फ्रेंच ०.६९ इंच, साडेसतरा मिलिमीटर. गंजाने तोंड फाकतं, म्हणून दोन-तीन दिशांनी माप घ्या आणि सगळ्यात लहान माप धरा. नळीची लांबीही बोलते: ३९ इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर भरली तर ती ‘इंडिया पॅटर्न’ असण्याचा संभव मोठा. हा नमुना मूळ कंपनीचा. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडल्या तेव्हा त्यांनी तो कंपनीकडून उचलला. ४२ किंवा ४६ इंच भरली तर नमुना त्याच्या आधीचा. फ्रेंच असेल तर पट्टीवर शार्लव्हिल, सेंत एतियेन, मोबज असं कारखान्याच्या गावाचं नाव शोधा. कडी असलेली इंग्रजी बंदूक भेटली तर ती पुढची, टोपीच्या जमान्यातली एनफिल्ड. तिचं तोंड ०.५७७ इंच.

एनफिल्डबद्दल एक बारकावा सांगते, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १८५७ नंतर हिंदी शिपायांच्या हाती रायफल द्यायला सरकार धजेना. म्हणून दिसायला एनफिल्डसारख्याच, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका त्यांच्यासाठी काढल्या. टॉर्चने नळीच्या तोंडातून आत पाहा. पिळाच्या चरा नसतील आणि नेम धरायची मागची माशी अंतराच्या आकड्यांची शिडी नसून साधी, ठोकळ असेल, तर ही ती असू शकते. मात्र चरा झिजून किंवा मुद्दाम घासूनही जातात, म्हणून माप घ्याच. या शिपायांच्या बंदुकीचं तोंड ०.५७७ पेक्षा स्पष्ट मोठं असतं.

आता शिक्के. इथे घाई करू नका. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा होते, त्यामुळे वर्षानुवर्षांचं हळदकुंकू, तेल आणि धूळ शिक्क्यांच्या खाचांत बसून दगडासारखं झालेलं असतं. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, पितळ चकाकवणारी पावडर, काहीही लावायचं नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी बांबूच्या कोरलेल्या काडीने खाच मोकळी करा. धातूची सुई नको, चरा पडतो आणि तो कायमचा राहतो. मग खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवी धरा. समोरून कोरी दिसलेली पट्टी आडव्या उजेडात भराभर बोलू लागते. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला तर फोटोपेक्षाही स्पष्ट येतो.

सदाशिव पेठेतल्या एका घरी मी हेच केलं. घरातले नाना ऐंशीच्या पुढचे, पाटावर बंदूक ठेवून शेजारीच बसले होते. कुंकवाचा थर सुटला तसा पट्टीवर आधी एक पंजा दिसला, मग आयाळ, मग मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का, साधारण १८०८ पासूनचा. त्याआधी कंपनी चार भाग केलेलं हृदय आणि त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं ठोकत असे. त्या काळच्या पट्टीवर ठेकेदाराचं नाव आणि सालही सापडतं. नानांच्या बंदुकीला घोडा टोपीचा होता, पण पट्टीच्या वरच्या कडेला बुजवलेली भोकं होती, रंग किंचित वेगळा असलेले गोल ठिपके. तिथे पूर्वी रंजकाची वाटी आणि चकमकीची स्प्रिंग बसत होती. म्हणजे बंदूक चकमकीची जन्मली आणि टोपीचा जमाना आल्यावर बदलून घेतली गेली.

“म्हणजे आमच्या खापरपणजोबांनी खडकीच्या लढाईत गोऱ्याकडून हिसकावलेली ती हीच ना?” नानांनी विचारलं.

“नाना, १८१७ मध्ये ही जन्मलेली असू शकते. पण घरात कशी आली, ते हिच्यावर लिहिलेलं नाही. तुमच्या रुमालात मोडी कागद आहेत ना, ते वाचून घेऊ या.”

घराण्याची सांगी आणि वस्तूची साक्ष मी वेगळ्या रकान्यांत लिहिते. सांगी खोटी म्हणून नव्हे. दोन्ही मिसळल्या की पुढच्या अभ्यासकाला त्या सोडवता येत नाहीत म्हणून.

इंग्रज सरकारी बंदुकीवर मुकुट, त्याखाली राजाची जीआर ही अक्षरं आणि ‘टॉवर’ असा शब्द असतो, शिवाय सरकारी मालकीचा रुंद बाण. दोन बाण एकमेकांकडे टोक करून दिसले तर तो माल सरकारने विकून टाकलेला. पण ‘टॉवर’ या शब्दावर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवते, कारण तोच सगळ्यात जास्त नकलला गेला. त्यापेक्षा नळीच्या बुडाशी, डाव्या अंगाला, चाचणीचे, म्हणजे नळी बार सोसते हे तपासल्याचे, शिक्के शोधा. मुकुटाखाली जी-पी आणि मुकुटाखाली व्ही, हे लंडनच्या बंदूककारांच्या संघाचे. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ चं. त्याच्या शिक्क्यात फुलीसारखे दोन राजदंड आणि भोवती बी, पी, सी. नुसते राजदंड सरकारी शिक्क्यातही असतात, म्हणून अक्षरं दिसल्याशिवाय बर्मिंगहॅम म्हणू नका. अंडाकृतीत ई-एल-जी आणि तारा असेल तर नळी बेल्जियममधल्या लिएजची. त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. लिएजच्या स्वस्त बंदुका जगभर गेल्या, आणि वर इंग्रजी वाटणारं नाव असूनही खाली ई-एल-जी निघणं अगदी नेहमीचं आहे.

शिकारीच्या दुनळी बंदुकांवर मँटन किंवा रॉडा आणि कलकत्ता असं आढळतं. मोठ्या दुकानाचं ते नाव. अशा दुकानांतून विलायतेत घडलेला मालही विकला जाई, म्हणून घडण कुठली ते नळ्यांच्या खालच्या बाजूचा चाचणीचा शिक्का बघून ठरवा.

देवनागरी अक्षरं दिसली की आपला माणूस हळवा होतो. जरा थांबा. नेपाळच्या सैन्याने ब्रिटिश नमुन्याच्या बंदुकांवर देवनागरीत अक्षरं आणि आकडे कोरले आहेत. अशी बंदूक बाजारात ‘मराठा’ म्हणून विकली जाऊ शकते. राजस्थानातल्या संस्थानी शस्त्रागारांनीही ठिपक्या-ठिपक्यांनी देवनागरी नोंदी ठोकल्या. बिकानेरच्या शस्त्रागारात १६८९ मध्ये अदोनीच्या वेढ्यानंतर नेलेली दख्खनी हत्यारं आहेत आणि त्यांच्यावर तशी नोंद आहे. अक्षरं बिकानेरची, हत्यार दक्षिणेचं. फारसीतही हाच नियम: ‘अमल’ या शब्दापुढे येतं ते कारागिराचं नाव, आणि ‘सरकार’ म्हणून येतो तो मालक.

सालाचं गणित वेगळं करा. समजा आकडा ११८० आहे. हिजरी धरला तर १७६६-६७, दख्खनी फसली धरला तर १७७०-७१, आणि आपला सुहूर सन धरला तर १७७९-८०. पानिपतानंतरची पाच-सहा वर्षं आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, एवढा फरक एकाच आकड्यात पडतो. शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. कुठला सन हे शेजारच्या शब्दांवरून आणि लिपीवरून ठरतं. शब्द नसतील तर सगळ्या शक्यता लिहून ठेवा.

आणि स्क्रू. माझा जीव यांच्यात रमतो. हाताने कापलेल्या स्क्रूची खाच अरुंद, बऱ्याचदा मध्यापासून किंचित सरकलेली, आटे थोडे असमान. असा स्क्रू फक्त आपल्याच भोकात नीट बसतो, म्हणून चांगला कारागीर स्क्रूवर आणि भोकाशी जुळती खूण करी, कानशीच्या रेघा किंवा ठिपके. खुणा जुळल्या तर भाग एकमेकांचेच. जुळल्या नाहीत तर दोन बंदुकांची एक झालेली आहे. स्क्रू खोलायला पेचकस घासून खाचेच्या मापाचा केला पाहिजे, आणि हात सरावलेला नसेल तर खोलूच नका. चार कोपऱ्यांची फुलीसारखी खाच दिसली तर तो स्क्रू विसाव्या शतकातला, मग बाकी काहीही लिहिलेलं असो. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी भिंतीवर टांगायच्या शोभेच्या बंदुका मिळतात; ओतीव यंत्रणा, पितळी पत्रे आणि नेमका हाच स्क्रू. खैबरकडच्या नकला जास्त कसबी असतात. त्यांत अक्षरांकडे बघा: उलटा एन, चुकलेलं स्पेलिंग, किंवा व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आणि साल मात्र १९०१ च्या पुढचं, म्हणजे राणी वारल्यानंतरचं.

ताडून बघायला केळकर संग्रहालय आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन आहे. काचेतून का होईना, खऱ्या वस्तूचा दस्ता आणि नळी यांचं प्रमाण डोळ्यांत बसलं पाहिजे. ते मोबाइलवरच्या फोटोंनी बसत नाही. मोडी कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा.

सगळं झालं की नोंद लिहा, आणि प्रत्येक भागाची वेगळी. नानांच्या बंदुकीची मी अशी लिहिली: ‘नळी: ९९ सेंमी, तोंड १९ मिमी, बुडाशी जी-पी आणि व्ही, लंडन. यंत्रणा: कंपनीचा सिंह, १८०८ नंतरची, चकमकीची टोपीत बदललेली, भोकं बुजवलेली. दस्ता: शिसवी, इथेच बसवलेला, मूळचा नाही. सांगी: खडकीच्या लढाईतली, कागद वाचायचे आहेत.’ वस्तूचा सपाट फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि शिक्क्यांचे छाप सोबत जोडा. गोणपाट मात्र परत गुंडाळू नका. ते ओल धरतं. धुतलेलं जुनं सुती धोतर घ्या, नळीला हलकं तेल पुसा, आणि बंदूक आडवी ठेवा, म्हणजे तेल ओघळून दस्त्यात मुरणार नाही.